आधी मुलगा, मग लग्न

डोरकस फेनने मनातल्या मनात हिशोब मांडला, तेव्हा जमेची बाजू भरभक्कम दिसली. पोटातलं पोर इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या लॉर्ड वेक्सहोमचं; मुलगा झाला तर ते तिच्याशी लग्न करणार. स्वयंपाकघरातली डोरकस लेडी वेक्सहोम होणार आणि तिचं पोर आठवा बॅरन. मुलगी झाली, तर महिन्याचा पगार आणि मागचं दार.

लॉर्डसाहेब साठीचे, विधुर, भाऊ-पुतण्या कुणी नाही. बॅरन हा किताब पुरुष वारसालाच मिळायचा; तो नसेल तर किताब त्यांच्याबरोबरच मातीत. अट काढली ती त्यांच्या थोरल्या बहिणीने, ऑगस्टाने.

"पहिलीने तुला काय दिलं? तीन मुली आणि शिंप्यांची बिलं," ती भावाला म्हणाली. "आता तरी माल बघून बोली लाव."

पोटुशी डोरकस चहाचा ट्रे घेऊन समोरच होती.

"ऐकलंस ना गं?"

"ऐकलं, बाईसाहेब. माल उभाच आहे इथे."

मार्चमध्ये मुलगा झाला. आठवड्याच्या आत लग्न लागलं, गावाला बिअर पाजली. पोराचं नाव ठेवलं पेरेग्रिन. बारशाला घरचे वकील पिंचबेक आले, केक खाल्ला आणि ओठ पुसत सहज विचारते झाले, "लग्न आधी की बाळ आधी?"

"बाळ आधी!" ऑगस्टा तोऱ्यात म्हणाली. "आम्ही काय दूधखुळे?"

पिंचबेकनी बशी खाली ठेवली. "मग घात झाला. मागाहूनच्या लग्नाने पोर औरस ठरतं, घर-जमीन घेतं. किताब मात्र नाही. त्यासाठी आईबापांच्या लग्नानंतरच जन्मावं लागतं."

लॉर्डसाहेब डोरकसवरच खेकसले, "तुला आठवडाभर दम धरवला नाही?"

"मला, सरकार?" डोरकस म्हणाली. "मी तर नाताळापासून लग्नाचं म्हणत होते. दम तुम्हीच धरलात."

पुन्हा पाळणा हलला. मुलगी झाली. लग्नानंतरची, अगदी नियमात बसणारी, आणि किताबाच्या कामी शून्य. त्या वर्षीच्या हिवाळ्यात बदकांच्या शिकारीत लॉर्डसाहेबांच्या छातीत थंडी भरली आणि ते गेले. घर-जमीन जुन्या कर्जात आणि वारसा करात गेली.

ऑगस्टा आपल्या ठेवी घेऊन बाथ शहरात राहायला गेली. तिचं काहीच गेलं नाही. पिंचबेकनी फी आधीच कापून घेतली होती. पेरेग्रिनला शाळेतली पोरं 'घाईचे लॉर्ड' म्हणून हाका मारत राहिली. आणि 'सातवे व अखेरचे बॅरन वेक्सहोम' ही अक्षरं थडग्याच्या दगडात कोरायची मजुरी लेडी वेक्सहोमने चुकती केली, समुद्रकाठच्या स्केगनेस गावातल्या एका खाणावळीत बटाटे सोलून.