आतले कपडे

हूक वाकडा झाला होता, आणि तो सरळ करायला आई दात वापरत होती — दात! — एका हातात तापलेली इस्त्री, दुसऱ्या हातात विटकी गुलाबी ब्रा, डोळे असे बारीक केलेले की बघणाऱ्याला वाटावं, बाई मोत्यांचा दागिना घडवतेय. आणि भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होती आणि तिच्या मनात एकच शब्द गरगरत होता — गावंढळ.

घरात तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरत नसे. शाळेत मात्र हल्ली तिला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. गेल्या महिन्यात तिने स्टेजवर उभं राहून 'दान' या विषयावर असं काही भाषण ठोकलं होतं की मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला होता. 'दान म्हणजे आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या डोक्यावर नेऊन आपटणं नव्हे!' टाळ्या... काय टाळ्या! तेव्हापासून तिला कळून चुकलं होतं की जगातली बहुतेक माणसं बिनडोक असतात, आणि हे त्यांना तोंडावर, जरा आवाज चढवून सांगितलं, तर ती टाळ्या वाजवतात.

"आई, चड्ड्यांना इस्त्री कोण करतं गं?"

"द्यायच्यात ना संस्थेत. चुरगळलेल्या कशा द्यायच्या?"

"द्यायच्याच कशाला पण? वापरलेल्या! टाक ना कचऱ्यात."

"हो, म्हणजे कुत्री ओढून नेतील गल्लीभर. समोरच्या काकू ओळखतीलसुद्धा, एवढी वर्षं दोरीवर बघतायत त्या." आईने ब्रा नीट घडी घालून, एक वाटी दुसऱ्या वाटीत बसवून, बाजूला ठेवली. "धुतल्यात, धड आहेत. लागतील कुणाच्या तरी अंगाला."

अंगाला! भिंगरीला शहारा आला. म्हणजे कुठेतरी कुणीतरी बाई आईची चड्डी घालून फिरणार, आणि आईला ते चांगलं वाटतंय, पुण्य वाटतंय... ही अशीच माणसं. झिजून कपची झालेला साबण जपतात, फाटलेल्या उशीच्या अभ्र्याचं फडकं करतात, फडकं फाटलं की त्याचं आणखी काहीतरी, आणि शेवटी जे कशाचंच करता येत नाही ते गरिबाला.

आतून बाबा ओरडले, "सोमवारची बॅग भरलीस ना?"

"भरली हो कधीच."

बाबांना विचारायला काय जातंय? त्यांनी सबंध आठवड्यात केलेली एकुलती एक तयारी म्हणजे हा प्रश्न.

सोमवारी आईच्या पोटातली गाठ काढायची होती. किरकोळ. हा मूळ डॉक्टरांचा शब्द. तो बाबांनी उचलला, मग फोनवरून आत्याने, आणि घरभर फिरून फिरून तो आता साबणासारखा बुळबुळीत झाला होता. भिंगरीनेही मैत्रिणींना तो असाच खांदे उडवून ऐकवला होता — अगं, किरकोळ आहे. आणि या बाईला काळजी कशाची, तर आत्याची. आत्या घर सांभाळायला येणार, आत्या कपाट उघडणार, आत्याला आपले जुनेपाने आतले कपडे दिसणार!

"आत्या काय झडती घ्यायला येतेय?"

"तुला नाही कळायचं. माणूस घरात नसलं की बायका आधी कप्पे उघडतात." आई हसली. कप्प्याच्या तळाला तिने नवा कागद अंथरला होता, कोपरे दुमडून. "जा, देऊन ये. आणि फेकून येऊ नकोस वाटेत, मला कळेल."

पिशवी जड होती. भिंगरी ती अंगापासून लांब धरून चालत होती. लाज आईची नव्हती खरं तर — म्हणजे होतीच, पण त्याहून मोठी अडचण ही की संस्थेत तिला ओळखत होते. भाषणानंतर शाळेने त्यांच्या गटाला तिथे कपडे निवडायला नेलं होतं, आणि त्या दिवसाइतकी मजा तिला क्वचित आली असेल. टेबलावर ढीग, आणि ढिगात माणसांची खरी तोंडं! एकाच पायाचा मोजा. काखेत पिवळा पडलेला पार्टीचा झगा, त्याला चिठ्ठी टाचलेली — 'जपून वापरावा.' जपून! आणि चड्ड्या, बनियनं, ढिल्या इलॅस्टिकची लक्तरं... लोकांना द्यायची वेळ आली की स्वतःची घाणसुद्धा पवित्र वाटायला लागते. आतल्या कपड्यांसाठी तिथे नियम होता: वापरलेले असतील तर कुणालाही द्यायचे नाहीत, जागच्या जागी मधोमध कापायचे, म्हणजे कुणी ते उचलून विकायला नको, चिंध्या जायच्या गॅरेजात, हात पुसायला. तिथे कापायला बसणाऱ्या बाईंनी तिच्या हातात मोठी कात्री दिली होती. कच्च्. तो आवाज तिला भलताच आवडला होता. एका भोकाभोकांच्या चड्डीत पंजा घालून तिने बाहुली नाचवली होती, बाहुलीला एखाद्या तालेवार पाटलीणबाईचा आवाज दिला होता — 'घ्या हो घ्या, माझं मन फार मोठं!' — आणि सगळा गट हसून हसून लोळला होता.

आणि आता ही पिशवी. पण भिंगरीकडे हल्ली कशालाही उत्तर असे.

"अगोबाई, भाषणवाली!" कात्रीवाल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाचं आणलंस?"

"शेजारच्या काकूंचं," ती न अडखळता म्हणाली.

बाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली. आधी गाऊन, एक स्वेटर. मग घसरत, घडी न मोडता, बाकीचं. बाईंनी एक चड्डी चिमटीत उचलली आणि उजेडात धरली. "बघ गं बाई! इस्त्री! आजवर इतकं बघितलं, पण हे नव्हतं बघितलं."

"चिंध्यांना परीटघडी," भिंगरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. भिंगरी जरा जास्तच मोठ्याने.

कच्च्. पहिली चड्डी खोक्यात पडली.

"वारल्या का गं या काकू?" बाईंनी दुसरी उचलत सहज विचारलं, भाजीचा भाव विचारावा तसं.

"नाही! का?"

"काही नाही, कप्पाच्या कप्पा आलाय म्हणून. जिता माणूस चार ठेवतो ना स्वतःला."

भिंगरीने टेबलाकडे बघितलं. ही टॉवेलच्या आड वाळत घातलेली असायची ती. ही तपकिरी, हिच्यावरून तीच चिडवायची आईला. ही, ही... सगळ्याच होत्या. मग घरात कुठल्या? बॅगेत नवी जोडी होती, आईने किमतीचा कागद काढताना तिने बघितली होती, आणि अंगावर होती ती. कप्प्यात नवा कागद... आणि कागदावर काय होतं? काहीच नव्हतं. आत्यासाठी एवढं? आत्याला लाजून माणूस जुनं काढेल, पण सगळं? आणि परत आल्यावर काय घालणार आहेस गं तू? हा साधा प्रश्न, घरातून बाहेर निघाल्यावर कुलूप आठवावं इतका साधा, हिला सुचला नाही? की सुचला होता, आणि तरी ती तशीच इस्त्री फिरवत राहिली, हसत, मी समोर उभी, मी नावं ठेवत उभी...

बाईंनी विटकी गुलाबी ब्रा घेतली. कात्रीचं तोंड उघडलं.

"थांबा."

"काय झालं?"

"ते नका कापू. ते... परत हवंय."

"कुणाला?"

"काकूंना. त्या येणार आहेत घरी."

"कुठे गेल्यात?"

किरकोळ — त्या सोप्या शब्दासाठी तिने तोंड उघडलं, आणि तो आलाच नाही. बाईंनी कात्री खाली ठेवली. त्यांनी बोलावं असं भिंगरीला फार वाटलं — काहीतरी टोचून, आगाऊपणाबद्दल, नियमाबद्दल. ती घाईघाईने सगळं पिशवीत कोंबत होती, घड्या मोडत होत्या. खोक्यातले ते दोन तुकडेही तिने काढले, आणि बाईंनी त्यांनाही हरकत घेतली नाही.

रस्त्यावर आल्यावर तिला संताप आला. कुणी सांगितलं होतं एवढं आवरायला? स्वतःशीच ठरवून टाकलंस, आम्हाला विचारलंस? मूर्ख बाई, घाबरट बाई... ती शब्दामागून शब्द काढत होती, एकाहून एक धारदार, आणि एकही चालत नव्हता. पिशवी आता तिने छातीशी धरली होती. कापडाला अजून उबदार, भाजलेला वास होता. आई विचारणार — दिलंस का? काय सांगायचं? घरात शिरून हे सगळं त्या कोऱ्या कागदावर परत लावून टाकायचं आणि एक शब्द बोलायचा नाही? की ओरडायचं?

कोपऱ्यावरून घर दिसलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत कुणीतरी ये-जा करत होतं. कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती पलीकडच्या फुटपाथवर थांबली. सावली खिडकीवरून गेली. आता जाऊ, असं ती म्हणाली, पण पाय उचलला नाही. अजून एकदा दिसू दे... एकदाच... मग जाऊ.