गिअर बाई टाकतात

जुन्या मोटारींच्या क्लबाचे सचिव ऑटोमॅटिक गाडीला गाडी मानत नसत. क्लबाच्या मासिक पत्रकात त्यांचं सदर होतं आणि चार वर्षांत त्यांनी सव्वीस लेखांतून ऑटोमॅटिकवाल्यांचा समाचार घेतला होता. ऑटोमॅटिक चालवणारा म्हणजे ‘स्टिअरिंगसमोर बसवलेला प्रवासी’, हे त्यांचं लाडकं वाक्य. क्लबात अशी एकच गाडी होती, दातांच्या डॉक्टरांची. वार्षिक फेरीत सचिव ती न चुकता रांगेच्या शेवटी लावत.

गिअर कधी बदलायचा हे ज्याला कळत नाही त्याला गाडी कळत नाही, असं ते सभेत उभं राहून सांगत आणि उजवा हात हवेत फिरवून दाखवत. डावा फिरत नव्हता. दोन वर्षांपूर्वी खांदा आखडला तेव्हापासून तो हात मांडीवरून जेमतेम उचलला जाई.

त्यांच्या गाडीत गिअरचा दांडा डाव्या हाताशी होता. दोन वर्षं तो त्यांची बायको हलवत होती.

या बाई गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे नवरा सोडून सगळं जग त्यांना ‘बाई’च म्हणे. सुरुवातीला सचिव “दुसरा” म्हणत, क्लच दाबत आणि बाई शेजारच्या सीटवरून दुसरा टाकत. सहा महिन्यांत बोलण्याची गरज उरली नाही. इंजिनाचा आवाज चढला की बाईंचा हात निघे आणि बाईंचा हात निघाला की सचिवांचा डावा पाय खाली जाई. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटे, या वयातही काय प्रेम आहे.

वार्षिक फेरीला तीन आठवडे असताना दुसरा गिअर सटकायला लागला. मिस्त्री मागच्या सीटवर बसला आणि तिघं चौकापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर मिस्त्री बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.

“साहेब, गाडी कोण चालवतं?”

“म्हणजे? मी. दिसलं नाही का?”

“स्टिअरिंग तुम्ही फिरवलंत, ते दिसलं.”

सचिवांनी विषय गिअरबॉक्सवर आणला. मिस्त्री म्हणाला, दुसऱ्याचे दात गेलेत. नवे कापून बसवायचे तर दीड महिना. नाहीतर याच मॉडेलची एक ऑटोमॅटिक गाडी आवारात मोडायला आली आहे, तिचा गिअरबॉक्स यात बसेल. दहा दिवसांत गाडी मिळेल. क्लचचं पेडल जाईल आणि ब्रेकचं रुंद पेडल येईल.

“माझ्या गाडीत ऑटोमॅटिक?” सचिव म्हणाले. “त्यापेक्षा बैल जुंपा.”

“जुनाच दुरुस्त करा,” बाई मिस्त्रीला म्हणाल्या. “यंदाची फेरी चुकली तर चुकू दे. पण मग गाडी मी चालवणार.”

“अगं, तुला क्लच जमत नाही. बाजारात नेली होतीस तेव्हा जाळला होतास.”

“एकतीस वर्षं झाली त्याला. तेव्हाही तुम्ही कानाशी ‘दाब, सोड, दाब’ चालवलं होतं. अहो, कधी कुठला गिअर टाकायचा ते मला कळतं, टाकतेही मीच. मग मी शेजारी कशाला बसू? तुम्हालाच चालवायची असेल तर ऑटोमॅटिक घ्या. माझा हात मोकळा करा.”

हिशेब सरळ होता. गिअर ठेवला तर स्टिअरिंग जात होतं, स्टिअरिंग ठेवलं तर सव्वीस लेख. मिस्त्री नळावर हात धुवायला गेला होता. तो परत येईपर्यंत सचिवांचा निर्णय झाला.

“माणसानं इतकंही हट्टी असू नये,” ते म्हणाले. “ऑटोमॅटिक टाका.”

सत्ताविसावा लेख पुढच्याच अंकात आला. त्यात सचिवांनी सिद्ध केलं होतं की या मॉडेलची कल्पना मुळात ऑटोमॅटिक म्हणूनच झाली असावी आणि हाताचे गिअर ही नंतरची तडजोड. पुरावा दिला नव्हता, पण भाषा ठाम होती.

गाडी मिळाल्यावर आठ दिवस त्यांनी ती एकट्याने चालवली. निघताना उजवा हात आडवा नेऊन दांडा एकदा ओढला की पुढे काही अडत नसे. फेरीच्या सकाळी मात्र त्यांनी बाईंना पुढे बसवलं. सचिवाची बायको दिसली नाही तर लोक विचारतील, हे कारण. सतरा गाड्या निघाल्या. सचिवांच्या मागे अध्यक्ष होते आणि दातांचे डॉक्टर नेहमीसारखे शेवटी.

तळ्याकडे जाताना चढ लागला. इंजिनाचा आवाज चढला आणि बाईंचा हात सवयीनं दांड्याकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांना आठवलं, त्यांनी तो मागे घेतला. सचिवांचा पाय मात्र सुटला होता. क्लच दाबावा तसा तो पूर्ण ताकदीनं खाली गेला आणि ब्रेकच्या रुंद पेडलवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. अध्यक्षांची गाडी मागून येऊन आदळली.

कुणाला लागलं नाही. सचिवांचा मागचा दिवा फुटला आणि अध्यक्षांच्या बंपरला पोचा आला. सोळा गाड्यांतली माणसं उतरून गोळा झाली.

“मध्ये काय आलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“कुत्रं,” सचिव म्हणाले.

“कुत्रं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “माझा हात निघाला, म्हणून यांचा पाय पडला.” कुणाला काही समजलं नाही हे चेहऱ्यांवरून ओळखून त्यांनी वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही कळावं असं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

“म्हणजे दोन वर्षं गिअर बाई टाकत होत्या?” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणजे सचिवसाहेब,” दातांचे डॉक्टर मागून म्हणाले, “स्टिअरिंगसमोर बसवलेला...” आणि थांबले. पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

उरलेला रस्ता गाडी बाईंनी चालवावी, असं अध्यक्षांनी ठरवलं. बाईंची उंची पाच फूट. त्या पाठीशी पिशवी घेऊन सीटच्या काठावर बसल्या आणि तळ्यापर्यंत गेल्या. वाटेत सचिव दोनदा “हळू” म्हणाले. बाईंनी दोन्ही वेळा वेग वाढवला.

सोमवारी फुटक्या दिव्यासाठी दोघं मिस्त्रीकडे आले.

“दिवा सावकाश करा,” बाई म्हणाल्या. “आधी जुना गिअरबॉक्स दात लावून परत बसवा. ऑटोमॅटिकमध्ये हाताला काही कामच नाही. गाडी चालवल्यासारखं वाटत नाही.”

“अगं, राहू दे की ऑटोमॅटिक,” सचिव म्हणाले. “तूही चालव, मीही चालवीन. आणि या मॉडेलची मूळ कल्पनाच...”

“वाचला मी लेख. अक्षर चांगलं छापलंय.”

“निदान महिन्यातून एकदा तरी मला...”

“तीन पेडलं येणार परत. तुमचा डावा पाय चालेल, हात कुठून आणणार?”

“तू बसशील ना शेजारी.”

मिस्त्री गाडीत वाकून सीटखाली पाहत होता. त्यानं टेपनं पेडलपासून सीटपर्यंतचं अंतर मोजलं, मग बाईंना नखशिखान्त न्याहाळलं.

“बाई, सीट चार इंच पुढे घ्यावी लागेल. पट्ट्या गंजल्यात, सरकत नाहीत. नवी भोकं पाडून बोल्ट मारतो. पण एकदा मारले की ती मागे जायची नाही. साहेबांचे गुडघे मावणार नाहीत मग.”

सचिव बाईंकडे पाहत राहिले.

“मारा,” बाई म्हणाल्या.