घाटाखालचा साखरपुडा

वाईजवळच्या धरणाच्या जाळीत अडकलेला ओंडका सोडवून पाणबुड्या विश्वजित पाण्याबाहेर आला, तेव्हा स्वारी खुशीत होती. वीस मीटर खोलीवर मनगटावरच्या घड्याळाने दिलेली मुदत संपायच्या बरीच आधी तो निघाला होता, आपल्याच बारीक बुडबुड्यांपेक्षाही हळू वर चढला होता आणि अंगात मुरलेली हवा निघावी म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं निमूट लटकून राहिला होता. सगळं कसं नियमात. उद्या पाचगणीला त्याचा साखरपुडा होता.

मोबाइलवर होणाऱ्या सासऱ्यांचे, लालासाहेबांचे, सात मिस्ड कॉल होते.

"जावईबापू, गुरुजी म्हणत्यात उद्याचा दिवस बरा न्हाई. आजच पाचला उरकूया. तुमच्या आई फलटणहून निघाल्यात. तुमी तर वाईतच हायसा."

विश्वजित घाईने म्हणाला, "मामा, मला आज घाट चढता यायचा न्हाई. आत्ताच पाण्यातनं वर आलोय. अठरा तास खालीच थांबावं लागतं."

"पाण्यातनं वर आलासा न्हवं? मग अजून कुठनं वर यायचं ऱ्हायलंय?"

विश्वजितने समजावून पाहिलं. खोल पाण्याच्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो. घाटावर हवा विरळ. तिथे लगेच गेलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस सांध्यांनी आखडतो, कधी कायमचा. बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते थापेसारखं वाटू लागलं.

लालासाहेबांचा आवाज उतरला. "मन फिरलं आसंल तर सरळ सांगा. पावणे गोळा झाल्यात."

विश्वजितचा जीव कासावीस झाला. पूजा त्याला मनापासून आवडली होती आणि तिच्या बापाला तो पळपुटा वाटत होता. तेवढ्यात फोनवर तिचाच आवाज आला. शेजारी उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

"आप्पा, आपल्या दुकानातला ह्यो वेफर्सचा पुडा बघा. वाईतनं घेतला तवा कसा व्हता?"

"पिचका."

"आन आता?"

लालासाहेबांनी पुडा दाबला असावा. फाटकन आवाज झाला. "वर आल्यावर टम्म फुगला व्हता. ह्यांच्या रक्तातल्या हवेचं बी तसंच हुईल," पूजा म्हणाली.

"गुरुजी," शेवटी लालासाहेब म्हणाले, "मुहूर्त वाईत चालतोय न्हवं?"

पाचच्या सुमाराला दोन टेम्पो घाट उतरून आले. त्यात पाहुणे होते, खुर्च्या होत्या, स्ट्रॉबेरीच्या पेट्या होत्या आणि पुढच्या सीटवर गुरुजी होते. विश्वजितची आई हरणाबाई फलटणहून येऊन आधीच ताट मांडून बसली होती. पूजाने अंगठी घालताना हळूच विचारलं, "किती झालं?"

"सहा तास."

"मग ऱ्हायलं बाराच," ती म्हणाली, आणि विश्वजितला इतका आनंद झाला की गुरुजी काय सांगताहेत तेही कळेना.

सगळं उरकलं, मंडळी टेम्पोत चढली. लालासाहेब खुर्चीवरून हलले नाहीत.

"मामा, तुमी जावा की. तुमास्नी चढायला काय अडचण न्हाई."

"जावयाला खाली ठिवून मी कुठल्या तोंडानं वर जाऊ?" लालासाहेबांनी पिशवीतून आणखी एक पुडा काढला, दाबून पाहिला. वरून आणताना टम्म फुगलेला तो आता गपगार झाला होता. त्यांनी तो फोडला आणि पहिली मूठ जावयाच्या हातावर ठेवली.