एक वाजता मेन बंद

सकाळपासून तिसऱ्यांदा कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला आणि सूनबाई कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लावायला धावली. का नाही धावणार? त्या जुन्या डबड्यात सासऱ्यांचं अख्खं आयुष्य होतं! सहाशे बारा माणसांचे आखूड, वाकडे, मुरगळलेले पाय. असल्या पायांसाठी सासरे बूट शिवायचे. नुसतं मोजणं सोपं हो. पण आठवडाभर वापरून माणूस परत आला, की कुठे टोचतंय, कुठे कलतंय ते बघून माप दुरुस्त करायचं, मग पुन्हा दुरुस्त करायचं. टपालवाल्या बाईचा डावा पाय तर बारा वर्षं दुरुस्त होत आला होता, आणि सोमवारी तिला नवे बूट हवे होते.

मापांच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा "कॉम्प्युटरमध्ये घालू या बाबा, तिथे काही होत नाही," असं ठणकावून सांगणारी सूनबाईच. वह्या टाकून दिल्या. आता सासऱ्यांचा हात थरथरायचा. ही मापं गेली, तर ती पुन्हा घेणारं कुणी नव्हतं.

"महिना झाला, अपडेट काही पुरं होत नाही," तिनं दुरुस्तीवाल्या बाईंना सांगितलं. "सकाळी मी 'हो' म्हणते, दुपारी येऊन बघते तर 'बदल मागे घेत आहे'. आणि वर हे निळं थोबाड!"

बाईंनी डबा उघडला. आत चामड्याचा भुगा असा साचलेला, की पंखा दिसेना. "गुदमरतंय बिचारं, म्हणून मध्येच मान टाकतंय," त्या म्हणाल्या. ब्रशनं सगळं झाडलं, मग डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. "आधी मापांची नक्कल घेऊ. मिळाली तर."

सूनबाई लॅपटॉपवर वाकून उभी राहिली. सासरे सुईत दोरा ओवायचं नाटक करत बसले.

यादी उघडली. सहाशे बारा! एकही कमी नाही. सूनबाईला रडूच फुटलं.

बाई मात्र मशीननं स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचता वाचता बोटांवर मोजू लागल्या. "अकरा वेळा वीज गेलीय, ऐन अपडेटच्या मध्यात," त्या हळूच म्हणाल्या. "हजारो फायली हललेल्या, अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या. आणि अकराही वेळा यानं उठून एकेक फाइल जागच्या जागी नेऊन ठेवलीय. पंधरा वर्षं हे काम करतेय, पण असं चिवट मशीन नाही पाहिलं."

"पण वीज जाते कुठे आमच्याकडे?"

"वेळा बघा ना. एक वाजून दोन मिनिटं. एक वाजून चार. एक वाजून एक."

सूनबाईनं सासऱ्यांकडे पाहिलं. बुटांचे तळवे चिकटवायचा सोल्युशनचा डबा एका ठिणगीनं पेटतो, म्हणून दुकानाचा चाळीस वर्षांचा नियम होता: जेवायला निघताना विजेचं मेन बटण बंद. ती बाराला स्वयंपाकाला जायची, एकला ते मेन पाडायचे, आणि ती परतायच्या आत पुन्हा चालू करायचे.

"म्हणजे मीच?" सासरे उठून जवळ आले. "अकरा वेळा मी याचा गळा दाबला, आणि यानं माझ्या वहीतला एकही पाय हरवू दिला नाही?" त्यांनी उघड्या डब्यात डोकावून पाहिलं. "एवढी अक्कल कुणी घातली असेल हो यात!"

डिस्क परत बसली, अपडेट सुरू झालं. एक वाजला. सवयीनं सासरे उठले, हात मेनपर्यंत गेला. सूनबाई ओरडणार, तोच हात मागे आला. त्यांनी सोल्युशनचे डबे एकेक करून बाहेर पायरीवर नेले आणि परत येऊन कॉम्प्युटरसमोर बसले.

"बाबा, जेवून या. मी आहे इथे."

"राहू दे गं. आज मी बसतो याच्याजवळ."

साडेतीनला पडदा उजळला. सूनबाईनं टपालवाल्या बाईचं पान उघडलं. शेवटची ओळ सासऱ्यांनीच सांगितलेली होती: डावी टाच, आणखी एक पातळ थर. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, दोनदा वाचली. मग कातडं कापायची आपली रापी, जिला कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, ती उचलून सूनबाईच्या हातात ठेवली.

"मी सांगतो," ते म्हणाले. "तू काप."