तळ्याचे पाणी वाहिलेली पिशवी

मित्रांनो, मी चामड्याची एक जुनी पिशवी. माझा पट्टा एका बाजूने तुटला आहे आणि आतल्या अस्तराला एक वास आहे, तो कशानेही जात नाही. म्हणून माझी रवानगी माळ्यावर झाली. कुणी वर आलेच तर नाक धरून खाली उतरते. मला त्याचा राग नाही. वास कुठून आला, तेवढे मात्र सांगावेसे वाटते.

गावाबाहेर एक मोठे तळे होते आणि तळ्याच्या काठी कातडी कमावण्याचा कारखाना. माझे चामडे तिथलेच. एका म्हाताऱ्या कारागिराने मला दुहेरी दोऱ्याने शिवले, कडांना मेण चोळले आणि गिऱ्हाइकाला सांगितले, "तुमची नात म्हातारी होईल, पण ही पिशवी व्हायची नाही."

ते गिऱ्हाईक म्हणजे आजोबा. घड्याळे दुरुस्त करून ते पोट भरीत आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, मुलांना शिकवीत. नातीची पहिली गोष्ट छापून आली, त्याचे कौतुक म्हणून त्यांनी मला घेतले. माझ्यात आपले एक जीर्ण पुस्तक ठेवले. त्यात जुन्या ज्यू विद्वानांची वचने होती आणि त्याहून जास्त त्यांचे वाद. "आमच्या पंडितांचं एखाद्या वाक्यावर एकमत झालंच, तर ते वाक्य नीट वाचलं नाही असं समजायचं," असे आजोबा हसत हसत म्हणत.

नात पुढे लेखिका झाली. त्या पुस्तकातली एक ओळ घ्यायची आणि तिच्याभोवती गोष्ट रचायची, ही तिची रीत. शत्रूच्या गावाला वेढा घातला तरी तिथले फळझाड तोडू नये, अशी एक आज्ञा होती. तिच्यावरून तिने कुऱ्हाड खाली ठेवणाऱ्या सैनिकाची गोष्ट लिहिली. मुलांनी ती डोक्यावर घेतली. शुक्रवारी सूर्य मावळायला आला की ती मला खुंटीला टांगून ठेवी. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या सातव्या दिवशी लिहायचे नाही, ओझे वाहायचे नाही. इतक्या हक्काची सुट्टी दुसऱ्या कुठल्या पिशवीला मिळाली असेल?

एकदा त्या पुस्तकात तिला एक नियम दिसला. कातडी कमावण्याची जागा गावापासून दूर असावी आणि तिथला वारा गावाकडे येऊ नये. ती वाचता वाचता थांबली. खिडकीतून तळ्याची दुर्गंधी आत येत होती.

"आजोबांनी हे शिकवलं होतं," ती म्हणाली, "आणि आम्ही नाक दाबून ऐकलं."

मग तिने तळ्यावर कादंबरी लिहिली. "माणसाला सातवा दिवस, शेताला सातवं वर्ष. मग तळ्यानं कधी विसावा घ्यायचा?" असे त्यातली एक म्हातारी विचारते. कादंबरी गाजली. लोक रस्त्यात थांबवून सांगत की वाचताना रडू आवरले नाही. सत्कार झाला. प्रमुख पाहुणे म्हणून कारखान्याचे मालकच आले आणि म्हणाले, "पुस्तक मिटलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी होतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिच्या मांडीवर होते. तिची बोटे माझ्या बकलावर इतकी आवळली की नखे पांढरी पडली. त्या संध्याकाळीही कारखान्याच्या घाण पाण्याचा नळ तळ्यात सुटलेलाच होता.

तिने लिहिणे बाजूला ठेवले. आता माझ्यात कागदांऐवजी तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मी त्या सरकारी कचेरीत नेत असे. तिथले साहेब उठून उभे राहत. "बाई, आमच्या घरी सगळ्यांना तुमची कादंबरी पाठ आहे. सही द्याल?" ती सही देई आणि बाटल्या टेबलावर ठेवी. पुढच्या खेपेला पाहिले तर तिच्या एका बाटलीत कुणीतरी वेल लावला होता. तो सुकला होता.

तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात, कातडी भिजवायच्या चुन्याच्या हौदावर कामाला होता. एके दिवशी तो दारातूनच बोलला.

"ताई, कारखाना बंद पडला तर माझी पोरं काय खातील? तुझ्या गोष्टी?"

"तुझे हात बघ एकदा."

"हात माझे आहेत," तो म्हणाला. फुटलेले, सोललेले हात खिशात घालून तो निघून गेला. त्यानंतर तो बरीच वर्षे आला नाही.

एका शब्बाथच्या सकाळी ओरडा ऐकू आला. तळ्यावर मेलेल्या माशांचा पांढरा थर आला होता आणि लोक टोपल्या भरभरून नेत होते. तिने मला खुंटीवरून काढले. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, हेही आजोबांनीच शिकवले होते. घाईने एक बाटली भरून तिने माझ्यात टाकली आणि दारोदार हात जोडत फिरली. "खाऊ नका, विषारी आहेत." एका बाईने टोपली मागे ओढली. "फुकटचं कधी नव्हे ते मिळालंय, तर हिच्या पोटात दुखतंय." धक्काबुक्कीत माझा पट्टा तुटला. मी पडले, बाटली फुटली आणि ते पाणी अस्तरात मुरले, पुस्तकातही मुरले. मासे शिजले. त्या आठवड्यात गावातून दोन लहान मुलांच्या तिरड्या गेल्या.

पुढे मालकांनी कारखाना दुसरीकडे नेला. तळे मातीने बुजवून त्यांनी तिथे बंगले बांधले. वसाहतीला नाव दिले तिच्या कादंबरीचे. फीत कापायला तिलाच बोलावले. ती गेली नाही. त्यानंतर तिने एक ओळही लिहिली नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा भाऊ आला. त्याची नोकरी गेली होती, बोटे वळत नव्हती.

"लोकांना गोष्ट आवडली रे," ती म्हणाली. "गोष्ट आवडली की त्यांना वाटतं, आपलं काम झालं."

"मी वाचलीच नाही, ताई."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

ती गेली. ज्यू लोक जीर्ण झालेला धर्मग्रंथ फेकत नाहीत, पुरतात. भावाने ते फुगलेले पुस्तक माझ्यातून काढले आणि तिच्याशेजारी पुरले. फावडे हातात राहीना, तर गुडघ्यावर बसून तळव्यांनी माती लोटली. मला मात्र घरी आणले. टाकवेना आणि वापरवेना, म्हणून माळ्यावर ठेवले.

मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्हाला वाईट वाटले असेल. कृपा करून वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटून घेऊन, डोळे पुसून, आपापल्या घरी गेलेली माणसे मी फार पाहिली. तुमच्या गावात एखादे तळे अजून उरले असेल, तर उठा आणि आधी तिथे जा.