कप फुटला तेव्हा

नवऱ्याला राग येत नाही, ही काय तक्रार झाली? तिच्या बहिणीने तर फोनवर तोंडावरच सांगितलं, "आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतात. तुला, मेले, सुख टोचतंय!"

पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती. तो लग्नाआधीपासून नैराश्यावरची गोळी घेत होता. लपवलेलं काही नव्हतं. लिफ्टदुरुस्तीचं काम. घरी आला की हातावरचं ग्रीस घासून काढायचा, मगच लेकीला उचलायचा. सगळं कसं बेताचं. लेक पलंगावरून पडली तेव्हा हिने आकांत मांडला, त्याने मात्र लेकीचं डोकं चाचपलं, डोळे निरखले आणि म्हणाला, "ठीक आहे." हा शांतपणा याचा, की गोळीचा? उद्या आपण मेलो तरी हा बाबा "ठीक आहे"च म्हणणार?

म्हणून एका सकाळी तिने त्याचा आवडता कप, त्याच्या आईने दिलेला, कोपराने ओट्यावरून ढकलला. तो मुकाट्याने वाकून तुकडे वेचू लागला.

"राग नाही आला?"

"कप होता गं."

"त्या गोळीने आतून बधिर झालायस तू. खरा तू कसा आहेस, मला कळणार तरी कधी?"

त्याने ओल्या फडक्याने फरशी पुन्हा पुसून काढली.

पुढे मात्र त्याचा नूर पालटला. झोप उडाली, शब्दाने शब्द वाढू लागला. बाहेर काही शिजतंय की काय, म्हणून तिने त्याचा फोनही चाळला. काही नाही. एका संध्याकाळी लेकीने खुळखुळा आपटला आणि त्याने हातातला पाना भिंतीवर भिरकावला. लेकीने भोकाड पसरलं. हवा होता तो राग समोर उभा होता, आणि हिच्या तोंडचं पाणी पळालं.

तो भिंत धरून खाली बसला. "गोळी बंद केलीय. तुला खरा मी बघायचा होता ना? आज लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो आणि गरगरलं."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"नाही."

लेकीला कडेवर घेऊन तिने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे रिंग वाजत होती.

"कप मुद्दाम फोडलास ना?" त्याने हळूच विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. "राग आला होता?"

"डोकं भणाणलं होतं. पण आधी काचा उचलायच्या होत्या. ही रांगत येत होती."