बेबीची गूळतुला

लेकरू गुटगुटीत असलं की आपल्याला किती बरं वाटतं! गाल ओढायचे, पोटावर टिचकी मारायची आणि वर आईबापाला शाबासकी द्यायची. मंडळी, खरं सांगतो, मला या कौतुकाची आता किळस येते. का येते, ते आसेगावच्या माणिकरावांच्या घरी काय घडलं त्यावरून तुम्हीच ठरवा.

साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ सरला होता, पण सरकारी सुकडीची चव अजून लोकांच्या जिभेवर होती. अशा गावात धान्याचे व्यापारी माणिकराव यांची तेरा वर्षांची बेबी म्हणजे घराचं भूषण. तिच्या आधीची दोन मुलं दगावली होती, म्हणून माणिकरावांनी मारुतीला नवस केला होता: पोरगी जगू दे, दर हनुमान जयंतीला तिच्या वजनाइतका गूळ वाटीन. पोरगी जगली. त्यावर माणिकरावांच्या थोरल्या बहिणीने, लिलाबाईने, आपलं एक शेपूट जोडलं. यंदाचा गूळ मागच्या सालापेक्षा कमी भरला तर म्हणे पोरीचं आयुष्य घटतं!

झालं. शिवरात्र सरली की बेबीला चारायला सुरुवात. सकाळी तुपात निथळणारा शिरा, दुपारी पोळी आणि गुळाचा खडा, संध्याकाळी खवा. घाम गाळला तर वजन उतरेल, म्हणून शाळा बंद, खेळणं बंद. मागच्या साली ती अडुसष्ट किलो भरली, तेव्हा पारावरच्या शहाण्यासुरत्यांनी टाळ्या पिटल्या. बाजारात म्हैस बघावी तसं लोक तिला मागून-पुढून बघत होते, आणि बापाची छाती फुगली होती!

या साली मात्र उलटंच झालं. पोरगी दुप्पट खाऊ लागली आणि तरी उतरू लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. मोरीत जाऊन आली की तिथे मुंग्यांची रांग लागायची. मानेच्या घड्या काळ्या पडल्या होत्या. आई भागिरथा त्या वजरीने घासायची, पोरगी रडायची, पण काळेपणा हटत नव्हता.

भागिरथा नवऱ्याला भीत भीत म्हणाली, "बेबी सुकून राह्यली. मंगरूळले डॉक्टरले दाखवा न एकडाव."

माणिकराव तोंड उघडायच्या आत लिलाबाई कडाडली, "कायले? डॉक्टर का वजन वाढवते? नजर लागली पोरीले. चार घास जास्त घाल!"

आणि भागिरथाने घातले. आईच ती! पोर वाळताना दिसली की तिला एकच औषध ठाऊक.

तुलेचा दिवस उजाडला. मारुतीच्या पारावर लिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात मागच्या साली भरल्या होत्या तेवढ्या गुळाच्या ढेपा रचल्या, दुसऱ्यात बेबीला बसवलं. बेबीचं पारडं वरच! लोक कुजबुजू लागले. लिलाबाईने लगबगीने गुळाचं पाणी कालवलं आणि तांब्या पोरीच्या तोंडाला लावला.

"पी! पोटात गेलं म्हंजे वजनात आलं."

"आत्या, मले मळमळून राह्यलं."

"पी म्हणते न!"

तिसऱ्या तांब्याला बेबीला भडभडून उलटी झाली. शेजारच्या ढेपांवर, अंगावरच्या नव्या परकरावर, सगळीकडे. माशा घोंगावू लागल्या. आणि लोकहो, त्या गर्दीतला एक गृहस्थ पुढे वाकून काय म्हणाला? "वरच्या दोन ढेपा काढून टाका, खालचा चांगला हाये!" पारड्यात पोरगी कलंडली होती आणि याला गुळाची पडली होती. शी!

त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या नर्स विमलबाई देवीची लस टोचायला गावात आल्या होत्या. त्या गर्दीतून आत घुसल्या. बेबीच्या तोंडाजवळ वाकताच त्यांचा चेहरा बदलला.

"श्वासाले सडक्या फळासारखा वास येऊन राह्यला. भागिरथाबाई, पोरगी पाणी लय पिते? मोरीत मुंग्या लागतात?"

"हो बाई! तुमाले कसं मालूम?"

"साखरेची बिमारी हाये. उचला तिले, जीप उभी हाये."

"गूळतुला पुरी होऊ द्या, मंग न्या," लिलाबाई आडवी आली.

माणिकरावांनी पारड्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे अर्धवट मिटले होते. ते ओरडले, "आग लागो त्या तुलेले! सोडा दोर!"

मंगरूळच्या दवाखान्यात तिची लघवी निळ्या औषधात उकळली, तर नळीतला रंग विटेसारखा लाल झाला, म्हणजे लघवीत साखरच साखर. सलाइन, सुया, दहा दिवसांचा मुक्काम. पोरगी वाचली, पण थोडक्यात.

"लेकराले कशी झाली ही? हे तं म्हाताऱ्याकोताऱ्याइची बिमारी," माणिकराव म्हणाले.

विमलबाई सरळ बोलल्या, "भाऊ, दुष्काळात आमच्या वस्तीत लेकरं उपाशी झुरताना म्या पाह्यली. तुमच्या घरचं खाऊन मराले लागलं. लेकराचा दोष तिकडंही नवता, इकडंही नाई. सुई आमी देऊ, ताट तुमाले पाह्यनं हाये. गूळ-साखर बंद. भाकर, वरण, पालेभाजी, सारं मापात. उपाशी मात्र ठेवू नका. रोज चालू द्या, शाळेत जाऊ द्या. अन् डॉक्टरले इचारल्याबिगर सुई सोडू नका."

"अन् गावाले कळलं तं? लगन कसं होईन तिचं?"

"बिमारी लपवून ठेवली तं लगनापर्यंत पोरगी जगंन काय?"



घरी आल्यावर चौथ्याच दिवशी लिलाबाई पेढे घेऊन हजर! "एकानं काय होते?" बेबीचा हात पुढे झाला. माणिकरावांनी पुडा उचलून बहिणीच्या पिशवीत परत कोंबला.

"अक्का, या घरात आता हे यायचं नाई. जेवाचं असंन तं भाकर हाये. सगळ्याइले तेच हाये."

बेबीने रडून घर डोक्यावर घेतलं. "मले गूळ पाह्यजे!" भागिरथाचा हात डब्याकडे वळला आणि तिथेच थांबला. तिने डोळे पुसले आणि ताटात मेथीची भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी माणिकराव पोरीला घेऊन पायीच शाळेकडे निघाले. अर्ध्या वाटेत धाप लागून ती थांबली.

"बाबा, मी बारीक झाली तं तुमाले आवडीन का?"

माणिकराव रस्त्यातच तिच्यापुढे उकिडवे बसले. तेरा वर्षं पोरीवर माया केली आणि तिला कळलं काय, तर आपलं वजन!

"तू जिती राह्यली पाह्यजे, माय," ते कसेबसे म्हणाले. "मले बाकी काई नाई पाह्यजे."

बंधुभगिनींनो, लेकराच्या अंगावर चढलेली चरबी ही आपली श्रीमंती नव्हे, आणि त्याला ठासून चारणं ही माया नव्हे. लेकरू पाणी पाणी करत असेल, खाऊनही वाळत असेल, तर नजर उतरवत बसू नका, दवाखाना गाठा. आणि उद्या कोणाच्या लठ्ठ पोराचे गाल ओढायला हात शिवशिवला, तर तो हात आवरा! त्या पोराला एकदा विचारा, बाळा, तुला दम तर लागत नाही ना?